गाडी उंच केली, पण मागचा ॲक्सल जागेवर आला का?

जीपगाडी चार बोटे उंच केली की तिचा रुबाब वाढतो. मोठे टायर बसतात, ओढ्यातले गोटे पोटाला घासत नाहीत, डोंगरातल्या कच्च्या वाटेवर गाडी अडत नाही. म्हणून हौशी मंडळी थार, जिप्सी, जुनी एमएम ५४० अशा गाड्या उंच करून घेतात. हौस त्यांची आणि पैसाही त्यांचा. पण गाडीखाली पाठीवर पडून ते काम करणारे हात कोणाचे असतात? पुष्कळदा ते आपल्याच वस्तीतल्या तरुणांचे असतात. गाडी पुढे रस्त्यावर भरकटली तर पहिले बोट त्या हातांकडेच दाखवले जाते. म्हणून हे काम नीट समजून घेतले पाहिजे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकू. उंच करणे हे अर्धे काम आहे. मागचा ॲक्सल पुन्हा सरळ आणि योग्य कोनात आणणे हे उरलेले अर्धे. हे दुसरे अर्धे काम डोळ्यांच्या अंदाजाने होत नाही, ते मोजूनच करावे लागते.

ॲक्सल कशाने धरलेला असतो?

जुन्या जीप, जिप्सी, बोलेरो आणि २०१० साली आलेली थार यांच्या मागच्या बाजूला पाट्यांची स्प्रिंग असते. या पाट्यांना दोन कामे असतात. एक म्हणजे वजन पेलणे. दुसरे म्हणजे ॲक्सल त्याच्या जागेवर धरून ठेवणे. या दुसऱ्या कामाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

पाट्यांच्या थप्पीतून सेंटर बोल्ट गेलेला असतो. त्याचे डोके ॲक्सलवरच्या बैठकीच्या भोकात बसते आणि वरून यू-बोल्ट आवळलेले असतात. पाट्याचा एक डोळा चॅसिसला पक्का असतो, दुसरा शॅकलवर झुलतो. बहुतेक गाड्यांत मागच्या पाट्याचा पुढचा डोळा पक्का आणि मागचा झुलता असतो.

ज्यांनी बैलगाडी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. गाडीचा आख तिरका बसला तर गाडी एका अंगाला ओढते आणि एका बैलाच्या मानेवर जास्त ताण येतो. मोटारीचेही तसेच आहे. फरक एवढाच की इथे ताण येतो तो टायरवर, स्टिअरिंगवर आणि चालवणाऱ्याच्या हातांवर.

उंच करताना काय हलते?

गॅरेजात चार पद्धती दिसतात. पहिली, लांब शॅकल टाकणे. शॅकल जेवढी वाढवावी त्याच्या साधारण निम्मीच उंची ॲक्सलपाशी मिळते. शिवाय मागचा डोळा खाली गेल्यामुळे पाटा कलतो आणि ॲक्सल फिरून पिनियनचे नाक वर जाते. दुसरी, ज्या गाडीत पाटा ॲक्सलच्या वर असतो तिथे दोघांमध्ये लोखंडी ठोकळा घालणे. यात प्रोपेलर शाफ्टचा उतार वाढतो आणि जोर पडला की पाटा जास्त पिळला जातो. ठोकळ्यावर ठोकळा तर कधीच ठेवू नये.

तिसरी पद्धत म्हणजे जादा पाटा चढवणे किंवा जुन्या पाट्यांना नवी कमान देणे. कमान वाढली की दोन डोळ्यांमधले अंतर कमी होते आणि ॲक्सल पक्क्या डोळ्याकडे थोडा सरकतो. डाव्या-उजव्या पाट्यांची कमान सारखी नसेल तर एक बाजू जास्त सरकते. चौथी, ॲक्सलखालचा पाटा काढून ॲक्सलच्या वर बसवणे. यात ॲक्सलवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात आणि त्यांचा कोन चुकला तर पुढचे सगळेच चुकते.

फक्त बॉडी आणि चॅसिस यांच्यामध्ये ठोकळे घालून उंची वाढवली तर ॲक्सल हलत नाही. ते काम वेगळे आहे.

थोडक्यात, बिघाड दोन प्रकारचा असतो. एकात ॲक्सल तिरका होतो, दुसऱ्यात पिनियनचा कोन बिघडतो. दोन्हींची लक्षणे वेगळी आणि औषधही वेगळे.

पहिला बिघाड : गाडी तिरकी पळणे

रस्ता सरळ, गाडी सरळ, पण स्टिअरिंग मात्र एका बाजूला वळवून धरावे लागते. मागून पाहिले तर गाडी कुत्र्यासारखी तिरकी पळताना दिसते. असे झाले की पुष्कळ जण पुढच्या चाकांची अलाइनमेंट करून आणतात. स्टिअरिंग सरळ दिसू लागते, पण गाडी तिरकीच पळत राहते, कारण दोष मागे आहे.

समजा, मागच्या दोन चाकांमध्ये १३० सेंटिमीटर अंतर आहे आणि डावे चाक उजव्यापेक्षा फक्त साडेसहा मिलिमीटर पुढे आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये २३० सेंटिमीटर अंतर असेल तर मागचा भाग सुमारे साडेअकरा मिलिमीटर उजवीकडे सरकून चालेल आणि चालकाला स्टिअरिंग उजवीकडे धरावे लागेल. कोरड्या रस्त्यावर हे निभावते. ओल्या घाटात अचानक ब्रेक दाबावा लागला तर निभावेलच असे नाही.

हे मोजायला महागडे यंत्र लागत नाही. गवंडीकामाची हत्यारे पुरतात : ओळंबा, खडू, दोरी आणि टेप. पाया आखताना गवंडी दोन्ही कर्ण मोजून चौकोन काटकोनात आहे का ते बघतो. इथेही तेच करायचे.

गाडी सपाट फरशीवर उभी करावी. टायरची हवा सारखी करावी, पुढची चाके सरळ ठेवावीत. गाडीचे वजन चाकांवरच असले पाहिजे, जॅकवर लटकलेल्या ॲक्सलचे माप खोटे येते. चारही चाकांच्या मध्यापासून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा कराव्यात. डावीकडचे पुढचे-मागचे अंतर, उजवीकडचे अंतर आणि दोन्ही कर्ण मोजावेत. डावे-उजवे सारखे आणि कर्णही सारखे आले तर काळजी नाही. दोन-तीन मिलिमीटरचा फरक टेप धरण्यातही पडतो. पाच-सहा मिलिमीटर आला तर शोध घ्यावा.

पण दोष पुढच्या ॲक्सलचाही असू शकतो. म्हणून आणखी एक माप घ्यावे. मागच्या पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या बोल्टपासून ॲक्सलपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. यात फरक आला तर दोष मागेच आहे.

मग कारण शोधावे. सेंटर बोल्ट तुटला आहे का? त्याचे डोके भोकात नीट बसले आहे का? भोक झिजून लांबट झाले आहे का? डोळ्याचा बुश गेला आहे का? दोन्हीकडचे पाटे एकाच मापाचे आहेत का? कारण दूर करावे. नुसते यू-बोल्ट सैल करून, पहारीने ॲक्सल ढकलून पुन्हा आवळणे ही दुरुस्ती नव्हे. तो पुन्हा सरकतो.

दुसरा बिघाड : पिनियनचा कोन

ठरावीक वेगाला गाडी थरथरते, खालून घुंई घुंई आवाज येतो, शाफ्टचे क्रॉस थोड्याच दिवसांत वाजू लागतात. ही पिनियनचा कोन बिघडल्याची लक्षणे आहेत.

यामागचे गणित सोपे आहे. क्रॉस कोनात फिरू लागला की पलीकडचे टोक एकसारख्या वेगाने फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात ते दोनदा जलद आणि दोनदा मंद होते. कोन १० अंश असेल तर हा चढउतार दीड टक्का असतो, २० अंश झाला की सुमारे ६ टक्के. कोन दुप्पट झाला की त्रास चौपट होतो. म्हणूनच शाफ्टला दोन क्रॉस असतात. दोघांचे कोन सारखे असले आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असले, तर पहिल्याने दिलेला झटका दुसरा पुसून टाकतो.

शाफ्ट ९० सेंटिमीटरचा असेल आणि गाडी ५ सेंटिमीटर उंच केली तर शाफ्टचा उतार सुमारे ३ अंशांनी वाढतो. १० सेंटिमीटर केली तर ६ अंशांच्या वर. आखूड जीपमध्ये शाफ्ट आखूड, म्हणून तिथे हा त्रास अधिक.

कोन मोजायला शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक चालतो. त्याच्या मध्यबिंदूला दोरा बांधून खाली एक नट लटकवावा. गिअरबॉक्सकडच्या फ्लँजवर सपाट पट्टी धरून कोन वाचावा, मग पिनियनच्या फ्लँजवर तसाच वाचावा. दोन्ही फ्लँज एकमेकांना समांतर हवेत. गाडी जोर घेते तेव्हा पिनियनचे नाक वर उचलले जाते, म्हणून उभ्या गाडीत ते एक-दोन अंश खाली ठेवतात. शाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला दुहेरी क्रॉसचा जोड असेल तर नियम बदलतो. मग पिनियनचे नाक शाफ्टच्या रेषेतच, जोडाकडे रोखलेले हवे, आणि तेही एखादा अंश खाली.

कोन दुरुस्त करायला पाचरीसारखी पोलादी पट्टी मिळते. ती पाटा आणि बैठक यांच्यामध्ये बसते. इथे पुष्कळांचा गोंधळ होतो, म्हणून नीट वाचा. पाटा ॲक्सलच्या वर असेल आणि नाक वर करायचे असेल तर पाचरीची जाड बाजू मागे ठेवावी. पाटा ॲक्सलच्या खाली असेल तर जाड बाजू पुढे. नाक खाली करायचे असेल तर याच्या उलट. दोन्हीकडे पाचर एकाच मापाची हवी. फरक पाच-सहा अंशांहून जास्त असेल तर पाचरीवर भागवू नये, बैठका कापून नव्याने वेल्ड कराव्यात आणि ते काम जाणत्याकडूनच करून घ्यावे. नाक फार वर केले तर पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला तेल कमी पोचते, हेही ध्यानात ठेवावे.

कॉइल स्प्रिंगच्या गाड्या

२०२३ साली आपल्याकडे आलेल्या जिम्नीत मागे कॉइल स्प्रिंग आहेत. तिथे ॲक्सलला आडवे सरकू न देण्याचे काम एक आडवी दांडी करते. तिचे एक टोक चॅसिसला, दुसरे ॲक्सलला असते. गाडी उंच झाली की दांडी अधिक तिरपी होते आणि दांडी चॅसिसला ज्या बाजूला जोडलेली असते त्या बाजूला ॲक्सल ओढला जातो. दांडी ९० सेंटिमीटरची असेल आणि तिच्या दोन टोकांमधला चढ १० चा १५ सेंटिमीटर झाला, तर ॲक्सल सुमारे ७ मिलिमीटर सरकतो. यावर लांबी कमीजास्त करता येणारी दांडी घालणे हा उपाय आहे. दोन्ही चाके बॉडीच्या कडेपासून सारख्या अंतरावर येईपर्यंत ती फिरवावी.

जिवाशी गाठ

यू-बोल्ट सोडण्याआधी चॅसिसखाली घोड्या लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका. मालक कितीही घाई करो.

काढलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत, नवे घालून टॉर्क पान्याने आवळावेत आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत. डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, नाहीतर रबरी बुश पिळलेले राहून फाटतात. ॲक्सल पूर्ण खाली लटकला तरी ब्रेकचा होज ताणला जाता कामा नये.

काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर वजनाप्रमाणे कमीजास्त करणारा वॉल्व्ह असतो आणि त्याची कडी ॲक्सलला जोडलेली असते. गाडी उंच झाली की त्या वॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. कडीची जागा बदलून ते जुळवावे लागते. शेवटी हेडलाइटचा झोतही खाली आणावा.

कायदाही माहीत हवा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतील बदलांवर बंधन घालते. कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणारे बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगीबाहेरच्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. काम हातात घेण्यापूर्वी गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांगावे.

मग हे शिकून उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग रोजचा आहे. वडापच्या जीपचा पाटा तुटून नवा टाकला, बुश बदलले, शाफ्टचा क्रॉस वारंवार जाऊ लागला, तरी हीच मापे लागतात. त्या जीपमध्ये बाजाराला निघालेली आई असते, शाळेला निघालेले पोर असते.

म्हणून तरुण मित्रांनो, एक सवय लावून घ्या. पाना लावण्याआधी मापे घ्या आणि वहीत लिहा. काम झाल्यावर तीच मापे पुन्हा घेऊन शेजारी लिहा. दोन्ही रकाने गिऱ्हाइकाला दाखवा. ‘उस्ताद म्हणाले म्हणून केले’ असे सांगणारा आयुष्यभर हेल्पर राहतो. ‘मोजले, हे पाहा’ असे म्हणणाऱ्याला मिस्त्री म्हणतात. आयटीआयला जाऊन मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करता आला तर फारच चांगले. ते जमेपर्यंत ओळंबा, खडू, टेप आणि कोनमापक एवढे सामान पेटीत ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही.