घरचा लहान फ्रीज आणि विजेचा हिशेब

सभासद बंधू-भगिनींनो,



एरवी या पानावर आपण बेणे, खत, पाचट आणि खोडवा यांविषयी बोलतो. या खेपेस विषय घरातला आहे, पण तोही हिशेबाचाच आहे. घरी एकाने चुकीचा हिशेब केला आणि दुसऱ्याने त्यावर विश्वास ठेवला, तर काय होऊ शकते, हे मी यंदाच्या मे महिन्यात डोळ्यांनी पाहिले.

माझी थोरली बहीण जासईला असते. पनवेलहून उरणकडे जाताना वाटेत हे गाव लागते. दि. बा. पाटील यांचे हे गाव. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी या भागातले शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. दाजी तिकडे नोकरीला होते, आता निवृत्त झाले आहेत. त्यांना मधुमेह आहे, रोज इन्सुलिन घ्यावे लागते. त्यासाठीच भाच्याने एक लहान फ्रीज आणला.

मी गेलो त्या रात्री दहा वाजता अक्काने फ्रीजचे बटण बंद केले. मी विचारले, "अगं, हे काय?" म्हणाली, "रोजच करते. सकाळी सहाला लावते. नाहीतर महिन्याला साडेसातशे रुपये बिल वाढतंय म्हणे."

हा आकडा आला कुठून? भाच्याने फ्रीजच्या मागची पट्टी वाचली होती. तिच्यावर ८० वॅट लिहिले होते. ८० गुणिले २४ तास गुणिले ३० दिवस, म्हणजे जवळजवळ ५८ युनिट. युनिटला १३ रुपये धरून साडेसातशे. गुणाकार बरोबर होता, पण धरलेली गोष्टच चूक होती.

फ्रीज दिवसभर चालत नाही

फ्रीजची तार चोवीस तास लावलेली असते, पण आतला कॉम्प्रेसर चोवीस तास चालत नाही. आतली उष्णता बाहेर टाकणे एवढेच त्याचे काम. आत पुरेसे थंड झाले की तो आपोआप थांबतो, आत पुन्हा उष्णता शिरली की सुरू होतो. कान देऊन ऐका, घरघर मधूनमधून थांबते. म्हणून पट्टीवरचे वॅट चोवीसने गुणून चालत नाही.

वाद कशाला, मोजूनच बघू म्हटले. भाच्याने विजेच्या सामानाच्या दुकानातून प्लगमध्ये लावायचा छोटा मीटर आणला. पहिले दोन दिवस फ्रीज अखंड चालू ठेवला, १.०४ युनिट झाले. पुढचे दोन दिवस अक्काच्या पद्धतीने रात्री आठ तास बंद ठेवला, तर ०.९४ युनिट झाले. म्हणजे दिवसाला ०.०५ आणि महिन्याला दीड युनिटाची बचत. पैशांत वीस रुपये!

आठ तास बंद ठेवूनही एवढीच बचत का? कारण रात्रभर आत शिरलेली उष्णता सकाळी बाहेर काढावीच लागते. कॉम्प्रेसर तेवढा जास्त वेळ चालतो. अर्धा लिटर दूध एकदा नासले की महिन्याची बचत गेली.

इन्सुलिनची गोष्ट तर याहून मोठी. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात, आणि त्या गोठूही द्यायच्या नाहीत. कोकणातल्या मे महिन्यात रात्रभर बंद राहिलेल्या फ्रीजमध्ये तेवढा थंडावा कसा राहील? दाजींच्या बाटल्या खराब झाल्याच असे मी म्हणत नाही. पण वीस रुपयांसाठी तो धोका कुणी पत्करावा?

मग खर्च किती?

अक्काचा फ्रीज महिन्याला साधारण १६ युनिट खातो. आपल्या हिशेबात सांगायचे तर पाच अश्वशक्तीची मोटर तासाला सुमारे ४ युनिट घेते, तेवढ्यात हा फ्रीज आठवडाभर चालतो. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आहे, त्यामुळे आपल्याला युनिट मोजायची सवय राहिलेली नाही. घरचे मीटर मात्र युनिट मोजतेच.

इथे एक मेख आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने आहेत. पहिली १०० युनिटे स्वस्त, १०१ ते ३०० पर्यंतची जवळजवळ दुप्पट महाग. महाग दर फक्त १०० च्या वरच्या युनिटांना लागतो. दर बदलत असतात, म्हणून तुमच्या बिलावरचे आकडे घ्या. हिशेबापुरते सर्व आकार धरून ७ आणि १३ रुपये समजू.

फ्रीजशिवाय घरी ६० युनिट जळत असतील, तर फ्रीजची १६ युनिटे स्वस्त टप्प्यात बसतात: ११२ रुपये. आधीच १५० जळत असतील तर सगळी महाग टप्प्यात: २०८ रुपये. अक्काकडे ९५ जळतात. तिची ५ स्वस्तात, ११ महागात: १७८ रुपये, म्हणजे दिवसाला सहा रुपये. फ्रीज तोच, पण घरागणिक खर्च वेगळा. म्हणून शेजाऱ्याचा आकडा आपल्याला लावू नका.

घेताना आणि वापरताना

१. लहान फ्रीज म्हणजे कमी वीज, असे सरसकट नाही. आकार निम्मा झाला म्हणून वीज निम्मी होत नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारांकित लेबल २००६ पासून आहे. त्यावर वर्षाला लागणारी युनिटे छापलेली असतात. उसाचे नुसते टनेज न बघता आपण उतारा बघतो, तसे तारेबरोबर युनिटेही बघा.

२. फ्रीज चुलीजवळ किंवा उन्हात नको. मागे वीतभर जागा सोडा.

३. दारात कागद धरून दार लावा. कागद सहज निसटला तर रबर ढिले झाले आहे, ते बदला.

४. बर्फाचा जाड थर साचू देऊ नका. गरम पातेले निवल्यावरच आत ठेवा.

५. इन्सुलिन बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवू नका, मधल्या फळीवर ठेवा.

निघताना अक्काने विचारले, "म्हणजे आता बंद करू नको?" दाजीच म्हणाले, "नको. संध्याकाळी गॅलरीतला दिवा उगाच जळतो, तो बंद कर."

सभासद बंधूंनो, काट्यावर गाडी गेली की पावतीवरचा आकडा आपण दोनदा वाचतो. विजेचे बिलही तसेच वाचायला शिका. एखादी वस्तू बंद करण्याआधी ती किती खाते ते मोजा.

आपला,
ऊस विकास अधिकारी