गिअरच्या गाडीतून ऑटोमॅटिक गाडीत जाताना : डाव्या पायाची सवय आणि अध्ययन संक्रमण



शीर्षक वाचून काहींना वाटेल, शिक्षकाने गाडीवर कशाला लिहायचं? पण शाळा सुटायच्या वेळी गेटवर उभं राहून पाहा. मुलांना न्यायला आलेल्या गाड्यांमध्ये ऑटोमॅटिक गाड्या दरवर्षी वाढताना दिसतात. कारणही उघड आहे. अंधेरी-घाटकोपर लिंक रोडवर साकीनाक्याच्या आसपास, नाहीतर मुलुंडकडून एल. बी. एस. मार्गाने संध्याकाळी येणाऱ्याला विचारा. पहिला गिअर, क्लच, दुसरा गिअर, क्लच, पुन्हा पहिला. घरी पोहोचेपर्यंत डावा गुडघा बोलायला लागतो.

फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि कमी किमतीच्या छोट्या गाडीतही क्लचशिवाय चालवायची सोय झाली. त्याआधी ऑटोमॅटिक म्हणजे महागड्या गाड्यांची गोष्ट होती. आता गिअरच्या गाडीवर दहा-पंधरा वर्षं हात बसलेले आईबाबा, आजोबा या नव्या गाडीत बसतात. आपलं एलएमव्ही लायसन्स दोन्हींना चालतं, त्यामुळे वेगळं शिकायला कोणी जात नाही. ब्रिटनमध्ये तसं नाही. तिथे ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर गिअरची गाडी चालवता येत नाही. मात्र गिअरच्या गाडीवर पास झालेल्याला दोन्ही चालवता येतात. म्हणजे तिथेही असंच धरलंय, की अवघड आलं की सोपं आपोआप येतं.

हे खरं आहे का? आपण डी.एड.ला शिकलेला एक घटक वापरून हे तपासून पाहूया.

१. क्लच नेमकं काय करतो?

इंजिन एकदा सुरू झालं की ते फिरतच राहतं. चाकं मात्र सिग्नलला थांबलेली असतात. फिरणारं इंजिन आणि थांबलेली चाकं यांना जोडणारा-सोडवणारा दुवा म्हणजे क्लच. वर्गात दाखवायचं तर दोन थाळ्या घ्या. एक फिरवत फिरवत दुसरीवर हळूहळू दाबा, दुसरीही फिरू लागते. दाब काढला की एकटी पहिलीच फिरते. क्लच दाबला म्हणजे थाळ्या वेगळ्या झाल्या, सोडला म्हणजे चिकटल्या.

गिअरचं काम सायकलवाल्या मुलांना लगेच कळतं. चढावर हलका गिअर, सपाटीवर जड गिअर.

ऑटोमॅटिकमध्ये ही दोन्ही कामं गाडी स्वतः करते. त्याचे मुख्य चार प्रकार आहेत :

• एएमटी : गिअरबॉक्स नेहमीचाच. फक्त क्लच दाबणं आणि गिअर टाकणं हे काम यंत्र करतं. गिअर बदलताना छोटासा झोका जाणवतो.
• टॉर्क कन्व्हर्टर : क्लचऐवजी तेल. इंजिनाने घुसळलेल्या तेलाच्या जोरावर पुढचं चाक फिरतं. एक पंखा लावला की त्याच्या वाऱ्याने समोरचा बंद पंखा फिरतो, तसं.
• सीव्हीटी : दोन पुली आणि त्यावरचा पट्टा. पुलीची रुंदी बदलत जाते, त्यामुळे ठरावीक गिअर असे नसतातच.
• डीसीटी : दोन क्लच. एक विषम गिअरचा, दुसरा सम गिअरचा. एक चालू असताना पुढचा तयार राहतो.

विजेच्या गाडीत तर गिअर बदलण्याचा प्रश्नच बहुधा येत नाही. मोटर जागेवरूनच पूर्ण जोराने ओढते आणि आवाजही जवळजवळ करत नाही.

२. कुर्ल्याची ती रात्र

हा विषय फक्त सोयीचा नाही, हे ९ डिसेंबर २०२४ ला मुंबईने पाहिलं. रात्री साडेनऊनंतर कुर्ला स्थानकाहून अंधेरीकडे निघालेली ३३२ क्रमांकाची बेस्टची विजेवरची बस एस. जी. बर्वे मार्गावर गर्दीत घुसली. माणसं, रिक्षा, गाड्या यांना धडका देत ती पुढे गेली. काही तासांतच सात जणांचा मृत्यू झाला, पुढे हा आकडा वाढला. जखमी चाळीसहून अधिक होते.

ब्रेक निकामी झाले होते का, हा प्रश्न लगेच पुढे आला. तपासातून मात्र दुसरी बाजूही समोर आली. चालकाचा आधीचा अनुभव गिअरच्या छोट्या बसचा होता आणि या मोठ्या ऑटोमॅटिक बसचं त्याला मिळालेलं प्रशिक्षण अपुरं होतं, असं तपास यंत्रणांचं म्हणणं होतं. कोण किती दोषी हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे, आपलं नाही. पण शिकवणाऱ्या माणसाने त्यातला एक प्रश्न उचललाच पाहिजे. एका यंत्रावर अनुभवी असलेला माणूस दुसऱ्या यंत्रावर नवशिका असू शकतो का?

३. आपल्या पुस्तकातलं उत्तर : अध्ययन संक्रमण

आठवा, शैक्षणिक मानसशास्त्रात आपण तीन प्रकार पाठ केले होते. आधी शिकलेलं नव्याला मदत करतं ते धन संक्रमण. आड येतं ते ऋण संक्रमण. काहीच परिणाम होत नाही ते शून्य संक्रमण. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी १९०१ मध्ये मांडलं, की दोन कामांत समान घटक जितके जास्त तितकं संक्रमण जास्त.

वर्गातलं उदाहरण घेऊ. मराठीत आपण ‘त्रेसष्ट’ म्हणतो, म्हणजे आधी तीन ऐकू येतात आणि मग साठ. इंग्रजीत ‘सिक्स्टी थ्री’, आधी साठ. सेमी इंग्रजीच्या वर्गात ६३ सांगितल्यावर ३६ लिहिणारं मूल तुम्हीही पाहिलं असेल. त्या मुलाला संख्या कळत नाही असं नसतं. एका भाषेतली सवय दुसऱ्या ठिकाणी डोकावते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढी चर्चा झाली! तेव्हा मुलांपेक्षा आपल्यालाच जीभ वळवायला जास्त वेळ लागला. कारण आपला सराव जास्त वर्षांचा.

गाडीचंही असंच आहे. रस्त्याचा अंदाज, आरसे पाहणं, लेन, अंतर, रिक्षा कधी वळेल याची कल्पना, हे सगळं जसंच्या तसं कामी येतं. हे धन संक्रमण. पण पायांची सवय आड येते. आणि गंमत बघा, एकूण नव्वद टक्के गोष्टी सारख्या वाटतात म्हणूनच उरलेल्या दहा टक्क्यांकडे लक्ष जात नाही. पूर्ण वेगळं यंत्र असतं तर माणूस सावध बसला असता.

४. कोणत्या सवयी आड येतात?

(अ) डावा पाय. क्लच कसा दाबतो आपण? झटकन आणि तळापर्यंत. ऑटोमॅटिकमध्ये क्लच नाही आणि ब्रेकचं पेडल बहुधा जास्त रुंद असतं. सिग्नल जवळ आला की डावा पाय सवयीने उठतो, ब्रेकच्या रुंद पेडलवर पडतो आणि तळापर्यंत दाबतो. गाडी जागच्या जागी थांबते, मागचा स्कूटरवाला येऊन आदळतो. म्हणून नियम एकच : दोन्ही पेडलं उजव्या पायानेच. डावा पाय त्याच्यासाठी असलेल्या पायटेकावर ठेवून द्यायचा.

(आ) क्लचची सुटका. हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. गिअरच्या गाडीत घाबरलं की दोन्ही पाय एकदम खाली जातात, उजवा ब्रेकवर आणि डावा क्लचवर. समजा उजवा पाय चुकून अ‍ॅक्सिलरेटरवर पडला, तरी डाव्याने क्लच दाबलेला असतो. इंजिन नुसतं ओरडतं, गाडीला जोर मिळत नाही. म्हणजे डावा पाय नकळत आपली चूक झाकत असतो. ऑटोमॅटिकमध्ये हे झाकण नाही. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर पडला आणि माणसाला वाटलं की ब्रेक लागत नाहीये, तर तो आणखी जोरात दाबतो. गाडी आणखी धावते. अशा वेळी करायचं ते असं : उजवा पाय पूर्ण उचला, मग ब्रेक दाबा, गिअरचा दांडा ‘एन’वर ढकला. हे वाचून येत नाही, आधी करून पाहावं लागतं.

(इ) आपोआप सरकणं. गिअरच्या गाडीत क्लच सोडताना आपण ठरवतो, आता निघायचं. ऑटोमॅटिकमध्ये ‘डी’ टाकून ब्रेकवरचा पाय सैल केला की बहुतेक गाड्या हळूहळू पुढे सरकतात. ट्रॅफिकमध्ये हे सोयीचं, पण गाडी थांबलीय म्हणजे ती उभी राहील असं समजणाऱ्याला धोक्याचं.

(ई) चढ. सोसायटीच्या पोडियमचा रॅम्प किंवा पुलाचा चढ असेल तिथे अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका. एएमटीत क्लच आतमध्ये आहेच, तो घासला जातो. ब्रेक किंवा हँडब्रेक वापरा. काही गाड्यांत चढावर क्षणभर धरून ठेवायची सोय असते. आपल्या गाडीत ती आहे का ते पुस्तिकेत पाहा.

(उ) उतार. खंडाळ्याचा घाट उतरताना गिअरवाले खालचा गिअर टाकतात, म्हणजे इंजिनच गाडीला आवरतं. ऑटोमॅटिक आली की हे ज्ञान विसरायचं नाही. दांड्यावर ‘एल’, ‘२’ किंवा हाताने गिअर बदलायची खूण असते ती त्यासाठीच. सलग ब्रेक धरला तर तो तापतो आणि त्याची पकड कमी होते. ‘एन’वर टाकून उतरणं तर मुळीच नको.

(ऊ) गाडी उभी करणं. ‘पी’ लावल्यावर गिअरबॉक्समधला एक छोटा खिळा दातऱ्यात अडकतो आणि चाकं अडतात. सगळा भार त्या खिळ्यावर नको. आधी ब्रेक, मग हँडब्रेक, मग ‘पी’. बऱ्याच एएमटी गाड्यांत ‘पी’ नसतोच, तिथे हँडब्रेक न लावता उतरणं म्हणजे गाडी मोकळी सोडणं. गाडी कोणत्या गिअरमध्ये बंद करायची ते पुस्तिकेत दिलेलं असतं.

५. सराव कसा करायचा?

थॉर्नडाइकचे तीन नियम आपल्याला ठाऊक आहेत : सज्जता, सराव, परिणाम. त्याच क्रमाने जाऊ.

सज्जता : गाडी बंद ठेवून बसा. डोळे रस्त्यावर, खाली बघायचं नाही. उजव्या पायाची टाच जमिनीवर टेकवून चवडा ब्रेकवरून अ‍ॅक्सिलरेटरवर आणि परत, असं वीस-पंचवीस वेळा. डावा पाय हलला की पुन्हा सुरुवात.

सराव : रविवारी सकाळी लवकर, रिकाम्या रस्त्यावर किंवा मोकळ्या मैदानावर. फक्त ब्रेक सोडून सरकवा आणि थांबवा. मग मागे घ्या. मग कमी वेगात ‘थांब’ म्हटल्यावर थांबवायचं. शेजारी कोणीतरी बसलेलं असावं, आणि त्याने अचानक म्हणावं. मगच गल्ली, मग मोठा रस्ता, आणि सगळ्यात शेवटी ऑफिसच्या वेळचा वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे.

परिणाम : प्रत्येक वेळी काय जमलं ते बोला. ‘आज डावा पाय एकदाही उठला नाही’ हे शेजारच्याने सांगितलं की सवय पक्की होते.

ज्यांच्या घरी दोन्ही प्रकारच्या गाड्या आहेत त्यांनी जास्त जपायला हवं, कारण तिथे रोज उलटसुलट संक्रमण होतं. गाडीत बसल्यावर निघण्याआधी मोठ्याने म्हणा, ‘आज दोन पेडलं’ किंवा ‘आज तीन पेडलं’. मुलांना हे म्हणायला फार आवडतं, आणि आईबाबांनी विसरलं तर तीच आठवण करून देतात. घरातल्या ज्येष्ठांना नवी गाडी देताना नुसती किल्ली देऊ नका, चार रविवार द्या.

६. शाळेच्या गेटवर

आता पालकांना एक कळकळीची विनंती. गेटसमोर गाडी थांबते, ‘डी’ तसाच, पाय ब्रेकवर. मागच्या सीटवर पाण्याची बाटली राहिलेली असते. ती घ्यायला तुम्ही वळता, आणि वळताना पाय नकळत सैल होतो. समोरून पहिलीतलं एखादं मूल गाडीच्या बॉनेटच्याही खाली, म्हणजे तुम्हाला दिसणारही नाही असं, धावत जात असतं.

म्हणून मुलाला उतरवण्याआधी ‘पी’ किंवा ‘एन’, हँडब्रेक आणि मगच दार. याला तीन सेकंद लागतात. मागून हॉर्न वाजले तर वाजू द्या. मुलांनाही आपण वर्गात सांगूया, की थांबलेल्या गाडीच्या अगदी समोरून किंवा मागून जायचं नाही. विजेची गाडी आवाज करत नाही, तेव्हा कानांवर विसंबू नका, डोळ्यांनी बघा.

शिक्षक म्हणून आणखी एक गोष्ट यातून घेता येईल. ६३ चे ३६ लिहिणाऱ्या मुलाला आपण ‘लक्ष कुठे आहे तुझं?’ म्हणतो. लक्ष असतं त्याचं. त्याची जुनी सवय पक्की असते, आणि ती त्याने मेहनतीने कमावलेली असते. तिला नावं ठेवण्यापेक्षा नेमकी कुठे आड येते ते दाखवावं, त्या एका जागेचा वेगळा सराव द्यावा आणि वेळ द्यावा. मोठ्या माणसाच्या डाव्या पायालाही हेच लागतं. घरात नवी गाडी येणार असेल तर पूजेचा नारळ फोडण्याआधी हे सहा मुद्दे सगळ्यांनी एकत्र बसून वाचा, आणि पहिला रविवार आजच ठरवा.