दुधाला पर्याय : एका एकवचनाची फोड

लहान मुलाला दुधाची ॲलर्जी आहे असे डॉक्टरांनी सांगितले की घरात पहिला प्रश्न निघतो तो असा : ‘मग दुधाऐवजी काय द्यायचे?’ प्रश्न स्वाभाविक आहे. पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे. दूध ही एक वस्तू आहे, ती काढली की तिच्या जागी दुसरी एक वस्तू ठेवायची, असे ते गृहीतक. बाजारही नेमके हेच धरून चालतो. बदाम, ओट, सोया, तांदूळ, नारळ अशा नाना पदार्थांची पेये तो पुढे करतो. सगळी पांढरी आणि पेल्यात ओतता येणारी. मात्र पांढरेपणा हे दुधाचे काम नव्हे. दूध आहारात चार-पाच निरनिराळी कामे करते, आणि ती सगळी एकट्याने करणारा दुसरा पदार्थ स्वयंपाकघरात नाही. म्हणून दुधाचा पर्याय शोधण्याऐवजी त्याची कामे वाटून द्यावी लागतात. ती कशी, हे या लेखात पाहायचे आहे.

त्याआधी एक घोटाळा दूर करायला हवा. ‘दूध पचत नाही’ आणि ‘दुधाची ॲलर्जी आहे’ ही दोन वाक्ये आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. पहिल्यात अडचण असते ती दुधातल्या साखरेची, म्हणजे लॅक्टोजची. ती पचवणारे विकर आतड्यात कमी पडले की पोट फुगते, जुलाब होतात. त्रास होतो, पण जिवावर बेतत नाही. ॲलर्जीत मात्र शरीराची प्रतिकारयंत्रणा दुधातल्या प्रथिनांना शत्रू समजते. ‘ॲलर्जी’ हा शब्दच एका बालरोगतज्ज्ञाने घडवला. व्हिएन्नाचे क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली तो प्रथम वापरला. दुधाच्या ॲलर्जीचे ढोबळ प्रकार दोन. एकात काही मिनिटांपासून दोनेक तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, क्वचित श्वास कोंडतो. दुसऱ्यात त्रास उशिरा आणि रेंगाळत होतो. तान्ह्या बाळाच्या शीत रक्त दिसणे हे त्याचे एक लक्षण.

हा फरक समजला की घरगुती तोडग्यांची पारख आपोआप होते. विरजण लावल्याने लॅक्टोज कमी होते. म्हणून ज्याला नुसते दूध पचत नाही त्याला दही-ताक अनेकदा चालते. ॲलर्जी असलेल्याला ते चालत नाही, कारण प्रथिने दह्यातही तशीच असतात. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते आणि ते उकळीला दाद देत नाही. दूध आटवा किंवा पाणी घालून पातळ करा, केसीन राहतेच. शेळीचे आणि म्हशीचे केसीन गाईच्या केसीनशी इतके मिळतेजुळते असते की बहुतेक ॲलर्जिक मुलांना तेही चालत नाही. देशी गाईच्या ‘ए-टू’ दुधाचेही तेच. तिथे केसीनच्या एका प्रकारात किरकोळ फरक असतो, केसीन नाहीसे झालेले नसते.

आता वयाचा मुद्दा. पहिल्या वर्षात दूध हाच मुख्य आहार असतो आणि म्हणूनच इथे प्रयोगाला जागा नाही. आईचे दूध चालू असेल तर ते थांबवायचे नसते. आईच्या आहारातली प्रथिने तिच्या दुधात अल्प प्रमाणात उतरतात. त्याने बाळाला त्रास होतो असे दिसले, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आईने दुग्धजन्य पदार्थ सोडायचे आणि स्वतःच्या कॅल्शियमची सोय करायची. आईचे दूध नसेल तर ज्यातली प्रथिने बारीक तुकडे होईपर्यंत फोडलेली आहेत, असे खास बालदुग्ध वापरतात. तेही सोसले नाही तर केवळ अमिनो आम्लांवर आधारलेले. दोन्ही महाग असतात आणि चवीला कडवट, पण त्यांची रचना बाळाच्या वाढीसाठी केलेली असते. सोयाचे बालदुग्ध सहसा सहा महिन्यांनंतरच सुचवले जाते. काही मुलांना सोयाही सोसत नाही.

वनस्पतिजन्य पेये या वयात बालदुग्धाची जागा घेऊ शकत नाहीत. अमेरिकेतील ‘पिडियाट्रिक्स’ या नियतकालिकात २००१ साली दोन लहान मुलांची हकीकत प्रसिद्ध झाली. दोघांनाही दुधाऐवजी ‘आरोग्यदायी’ म्हणून विकली जाणारी पेये दिली जात होती. तांदळाच्या पेयावर वाढलेल्या मुलाला प्रथिनांच्या अभावाने क्वाशिओरकॉर हा कुपोषणाचा विकार झाला. पोषकद्रव्यांची भर न घातलेल्या सोयापेयावरच्या मुलाला मुडदूस झाला. दोन्ही घरांत अन्नाची ददात नव्हती. चुकीच्या वस्तूला दूध समजले गेले, एवढेच. तांदळाच्या पेयाबाबत आणखी एक इशारा आहे. त्यात आर्सेनिक असू शकते म्हणून ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये असा सल्ला दिला जातो.

वर्ष उलटले, मूल घरचे जेवू लागले, की कामांची वाटणी करता येते. पहिले काम प्रथिनांचे. १०० मिलीलिटर गाईच्या दुधात साधारण ३ ग्रॅम प्रथिने असतात. सोयापेय याच्या जवळ पोहोचते. बदामाच्या बहुतेक पेयांत एक ग्रॅमसुद्धा नसते. मात्र हे काम पेल्यातच व्हायला हवे असे नाही. मूगडाळीची खिचडी, मटकीची उसळ, पिठले, अंडे, मासे हे सारे ते करतात.

दुसरे काम कॅल्शियमचे, आणि खरी कसोटी इथेच लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. दोन कप दुधातून त्यातले बहुतेक मिळून जाते. म्हणून दूध वगळले की पडणारे भगदाड मोठे असते. आपल्याकडे नाचणी आहे : १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम. पण लहान मूल एका दिवसात १०० ग्रॅम नाचणी खात नाही. शिवाय तिच्यातले बरेचसे कॅल्शियम सालीत असते. मोड आणून, वाटून, वस्त्रगाळ केलेले सत्त्व बाळाला पचायला हलके खरे, पण गाळताना चोथ्याबरोबर कॅल्शियमही जाते. वर्षानंतर अख्ख्या नाचणीच्या पिठाची भाकरी, आंबील किंवा धिरडे अधिक उपयोगी. शेवग्याचा पाला, तिळाची चटणी, कोकणात काट्यासकट खाल्ली जाणारी मांदेली यांचीही भर पडते. पालकावर मात्र विसंबू नये. त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. तीळ, शेंगदाणे, मासे यांचीही ॲलर्जी असू शकते, हे ध्यानात ठेवून एकेक पदार्थ सुरू करावा. एवढे करूनही हिशेब अपुरा पडला, तर डॉक्टर पुरवणी औषध देतात. ते घेण्यात कमीपणा नाही.

तिसरे काम ब-१२ जीवनसत्त्वाचे. शाकाहारी घरात ते प्रामुख्याने दुधातूनच येते. दूध गेले आणि अंडीही नाहीत, तर ते बाहेरूनच द्यावे लागते. डाळ-भाजीतून त्याची भरपाई होत नाही. चौथे काम स्निग्धतेचे आणि ऊर्जेचे. ते शेंगदाण्याचे कूट, तेल आणि ओला नारळ सहज करतात.

आणि पाचवे काम आहे पंगतीचे. कोणत्याही पोषणतक्त्यात ते सापडत नाही, पण मुलाला सर्वांत आधी तेच जाणवते : सगळे जे खातात ते आपल्याला का नाही? इथे कोकण-गोव्याची स्वयंपाकरीत मदतीला येते. नारळ खवून, वाटून, पिळून काढलेल्या द्रवाला तिथे ‘रस’ किंवा ‘रोस’ म्हणतात. त्याच्यावर दुधाची जबाबदारी त्या शब्दाने टाकलेली नाही. गोव्यात दिवाळीच्या पहाटे फोव होतात, त्यात दुधातले आणि ताकातले असतात तसे गूळ घातलेले रोसातलेही असतात. मालवणी शिरवाळे रसात बुडवून खातात. गोव्याचे मणगणे चणाडाळ, गूळ आणि नारळाच्या रसावर होते. यातला एकही पदार्थ ॲलर्जीवरचा तोडगा म्हणून जन्मला नाही. म्हणूनच त्याच्याभोवती पथ्याची कळा नाही. घरातल्या सगळ्यांनी तोच खाल्ला की मुलाचे ताट वेगळे राहत नाही. या रसात प्रथिने आणि कॅल्शियम नगण्य, हे मात्र विसरायचे नाही. ते काम डाळीचे आणि नाचणीचेच.

भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही २०२१ साली वनस्पतिजन्य पेयांना ‘दूध’ म्हणून विकण्यास हरकत घेतली. त्यामागे दुग्धव्यवसायाचे हित असेल-नसेल. पालकाच्या दृष्टीने ते नामकरण उपयोगाचे आहे. बाटलीवर ‘पेय’ असे लिहिले असले की त्यात प्रथिने किती, कॅल्शियम घातले आहे का, साखर किती, हे पाहण्याची सवय लागते. घरी काढलेल्या बदामाच्या रसात बाहेरून घातलेले कॅल्शियम नसते, हेही तेव्हाच लक्षात येते.

शेवटी उरते ती लपलेल्या दुधाची गोष्ट, आणि दिवाळीच्या दिवसांत ती विशेष महत्त्वाची. शंकरपाळ्यांत दूध असते, करंजीच्या साट्यात आणि बेसनाच्या लाडवात तूप, चकलीच्या मोहनात कधी लोणी. तुपात प्रथिने अत्यल्प असतात, पण शून्य नसतात. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्याखेरीज ते सुरक्षित धरू नये. पंचामृतातल्या पाच पदार्थांपैकी तीन दुधाचे. बिस्किटांच्या वेष्टनावर केसीन, व्हे, मिल्क सॉलिड्स ही नावे शोधावी लागतात; २०२०च्या लेबलविषयक नियमांनुसार दूध असल्याची सूचना देणे बंधनकारक आहे. तीव्र ॲलर्जीच्या मुलाला ‘एका थेंबाने काय होते’ हे वाक्य घातक ठरू शकते. श्वास कोंडला तर ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपाय असतो, आणि मूल तातडीने रुग्णालयात न्यावे लागते.

दिलाशाची बाब अशी की बहुतेक मुलांची ही ॲलर्जी वाढत्या वयात ओसरते. काहींना आधी केकसारख्या भाजलेल्या पदार्थातले दूध सोसू लागते. पण ती परीक्षा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते, मामाच्या घरी लग्नात नव्हे. त्वचेची वा रक्ताची चाचणी केवळ शक्यता सांगते, म्हणून नुसत्या कागदावरून वर्षानुवर्षे दूध बंद ठेवणेही योग्य नाही. ठरावीक काळाने फेरतपासणी हवी.

तोवर भाकरी, वरण, अंडे किंवा औषधाची गोळी आणि सणाला रोसातले फोव, एवढे सगळे मिळून एका पेल्याचे काम करतात. म्हणून विचारायचेच असेल तर ‘दुधाऐवजी काय’ असे न विचारता ‘दुधाऐवजी काय काय’ असे विचारावे.