खिशातल्या वाटाड्याचे गणित

पालघर जिल्ह्याच्या नकाशावर दातिवरे आणि अर्नाळा ही गावे शोधा. मध्ये वैतरणा खाडीचे मुख आहे. पट्टीने मोजले तर दोन्ही शेजारीशेजारी. पण रस्त्याने जायचे तर खाडीला भला मोठा वळसा पडतो. आता समजा, गाडी, एस.टी., रिक्षा, किल्ले, देवळे अशी सर्व माहिती एकत्र देणारे मोबाईलचे ॲप तुम्हांला तयार करायचे आहे. "अर्नाळ्याचा किल्ला किती लांब?" या प्रश्नाला त्याने सरळ रेषेतील अंतर मोजून उत्तर दिले, तर दातिवऱ्याच्या प्रवाशाला तो अगदी शेजारी वाटेल. तो किल्ला तर बेटावर, म्हणजे होडीही आलीच!

तेव्हा येथे किलोमीटर हे एकक चालत नाही, मिनिट घ्यावे लागते. (केळवे रोड, डहाणू रोड या स्टेशनांच्या नावांतला 'रोड' हेच सुचवतो : गाव पुढे आहे, रस्ता धरा.)

पालघरहून केळव्याच्या किनाऱ्यावर जायच्या दोन वाटा घेऊ. वेळा केवळ उदाहरणापुरत्या आहेत. माहीममार्गे एस.टी. ९.१० ला सुटून ९.४५ ला पोचते, पुढची १०.४० ला. लोकल ९.४० ला निघून ९.४८ ला केळवे रोडला येते. तेथून रिक्षाने २० मिनिटे, म्हणजे १०.०८. नऊ वाजता विचारणाऱ्याला एस.टी. बरी, साडेनऊला विचारणाऱ्याला लोकल. रस्ते तेच, उत्तर वेगळे! एप्रिल २०१३ पासून लोकल विरारपुढे डहाणू रोडपर्यंत येऊ लागल्या खऱ्या, पण विरारच्या मानाने त्या थोड्याच. एक चुकली की खोळंबा ठरलेला.

असे उत्तर काढण्याची रीत डच शास्त्रज्ञ एडस्खर डायक्स्ट्रा यांना १९५६ साली सुचली. १९५९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. प्रत्येक ठिकाण म्हणजे एक बिंदू. पहिल्या बिंदूवर निघण्याची वेळ लिहा. तेथून थेट जाता येईल अशा बिंदूंवर पोचण्याची वेळ लिहा. त्यांतली सर्वांत लवकरची वेळ पक्की करून त्या बिंदूपासून पुढे चला. कोठे अधिक लवकर पोचता आले, तर जुनी वेळ खोडा. मुक्कामाची वेळ पक्की झाली की काम संपले. पाच-सहा स्टेशने घेऊन कागदावर करून पाहा.

वेळापत्रक ठेवायचे कोठे? सचिन टेके यांनी मुंबईकरांसाठी केलेल्या 'एम-इंडिकेटर'ने ते फोनमध्येच ठेवले, म्हणून इंटरनेट नसतानाही गाडीची वेळ कळते. नकाशाचेही तसेच. जीपीएस उपग्रहांचे संकेत सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून येतात. ते घेण्यास मोबाईलचा टॉवर लागत नाही. चार उपग्रहांचे संकेत मिळाले की फोनला स्वतःचे स्थान कळते. पण नकाशा जवळ नसेल, तर कोऱ्या पडद्यावर नुसता ठिपका दिसेल.

खरी अडचण स्टेशनाबाहेर आहे. शेअर रिक्षा घड्याळ पाहून सुटत नाही, भरली की सुटते. बोईसरला औद्योगिक वसाहतीच्या कामाच्या वेळी ती चटकन भरते. एरवी बसून राहावे लागते. हा आकडा कोणत्याच वेळापत्रकात नाही, तो मोजावाच लागतो. पहिला प्रवासी बसल्याची आणि रिक्षा सुटल्याची वेळ टिपा; निरनिराळ्या तासांच्या दहा-दहा नोंदी घ्या. सरासरी काढाच, पण सर्वांत मोठी प्रतीक्षाही वेगळी लिहा. ज्याला परतीची शेवटची गाडी गाठायची आहे, त्याला ॲपने हा दुसरा आकडा धरूनच वेळ सांगितली पाहिजे.