संग्रहालयातील गोठा आणि पशुवंशांचे जतन

संग्रहालय म्हटले की काचेच्या कपाटातील वस्तू डोळ्यांसमोर येतात. आर्टुर हाझेलियस यांनी १८९१ साली स्टॉकहोम येथे स्कान्सेन हे खुले संग्रहालय सुरू केले आणि या समजुतीला छेद दिला. स्वीडनच्या निरनिराळ्या भागांतील जुनी घरे तेथे आणून पुन्हा उभारण्यात आली. घरांबरोबर गोठे आले आणि गोठ्यांत स्थानिक जातींची जनावरेही. रिकामा गोठा हे ग्रामीण जीवनाचे अर्धेच चित्र होय. आज तेथे कुटुंबासह येणाऱ्या शहरी मुलांना गाय, शेळी, कोंबडी जवळून पाहता येते.

या मनोरंजनामागे एक गंभीर आर्थिक प्रश्न आहे. अधिक उत्पादन देणाऱ्या मोजक्या जातींचा प्रसार झाला की स्थानिक जाती शेतकऱ्याला परवडेनाशा होतात. ब्रिटनमध्ये १९०० ते १९७३ या काळात २६ देशी पशुजाती नामशेष झाल्या. जो हेन्सन यांनी १९७१ साली कॉट्सवोल्ड टेकड्यांतील आपल्या शेतावर दुर्मिळ जातींची जनावरे लोकांना पाहण्यासाठी ठेवली. जे जनावर दूध वा लोकरीवर पोसले जात नाही, त्याचा चारा प्रवेशशुल्कातून निघावा, असा हा साधा हिशेब होता. १९७३ मध्ये ‘रेअर ब्रीड्स सर्व्हायव्हल ट्रस्ट’ स्थापन झाला, त्यातही हेन्सन यांचा मोठा वाटा होता.

तथापि, लहान कळपाला आनुवंशिक मर्यादा असतात. कळपाची ‘प्रभावी संख्या’ काढताना नर व मादी यांच्या संख्यांच्या गुणाकाराची चौपट करून तिला त्यांच्या बेरजेने भागतात. एक वळू आणि २० गाई असतील तर दिसायला २१ जनावरे, परंतु प्रभावी संख्या जेमतेम ३.८ भरते. अशा कळपात प्रत्येक पिढीगणिक अंतःप्रजनन सुमारे १३ टक्क्यांनी वाढते. म्हणूनच वंशावळीची नोंदवही ठेवणे आणि कळपाकळपांत नरांची अदलाबदल करणे अपरिहार्य ठरते. हे काम प्रेक्षकांना दिसत नाही. पण जतन खरे तेथेच होते.

आरोग्याचा मुद्दाही दुर्लक्षिता येत नाही. इंग्लंडमधील अशाच एका शेतावर २००९ साली ई. कोलाय ओ-१५७ या जिवाणूची ९३ जणांना बाधा झाली. त्यांत बहुतांश लहान मुले होती. जनावर हाताळल्यावर साबण व वाहत्या पाण्याने हात धुणे आवश्यक असते. हातांना लावायचे जंतुनाशक द्रव्य त्याला पर्याय नव्हे.

भारतातील परिस्थिती वेगळी आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशी गोवंश १४.२१ कोटी होता. आधीच्या गणनेच्या तुलनेत तो सहा टक्क्यांनी घटला, तर विदेशी व संकरित गोवंश सुमारे २७ टक्क्यांनी वाढला. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो जातींची नोंदणी करतो व गोठवलेले वीर्य जपून ठेवतो. आंध्र प्रदेशात पलमनेर येथील पशुधन संशोधन केंद्राने ठेंगण्या पुंगनूर गाईचा कळप राखला आहे. हे झाले मूळ परिसराबाहेरील, म्हणजे बाह्यस्थानी संवर्धन. खिल्लार बैल आणि दख्खनी मेंढी मात्र अद्याप शेतकरी व धनगरांच्याच हाती आहेत. १९९२ च्या जैवविविधता कराराच्या व्याख्येनुसार, ज्या परिसरात पाळीव जातींचे गुण घडले तेथेच त्यांना राखणे हे स्वस्थानी संवर्धन होय. त्यासाठी चराऊ कुरणे टिकावी लागतात.