विश्लेषण : वादळाच्या पाठलागात गाडीत दुसरा माणूस का लागतो?

अमेरिकेच्या मध्यभागातील सपाट मैदानांवर दर वसंतात हौशी मंडळी आणि संशोधक टोर्नेडोच्या मागे गाड्या दामटतात. ‘ट्विस्टर’ (१९९६) आणि ‘ट्विस्टर्स’ (२०२४) या चित्रपटांत दिसतो तो थरार खरा, पण दिवसातला थोडाच वेळ. बाकी वेळ गाडी चालवण्यात आणि वाट पाहण्यात जातो. जिवावर बेततो तोही अनेकदा रस्ताच.

दिवस सुरू कसा होतो?

सकाळी आधी पाहिला जातो ओक्लाहोमातील नॉर्मन येथील ‘स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर’चा अंदाज. मेक्सिकोच्या आखातावरची दमट हवा आणि पश्चिमेकडची कोरडी हवा जिथे भिडते, ती ‘ड्राय लाइन’. तिच्या आसपास दुपारी ढग उभे राहतील, असा हिशेब करून दोघे मित्र तीन-चारशे किलोमीटर अंतर कापतात आणि एखाद्या पेट्रोल पंपावर थांबतात. जमिनीलगतच्या दमट हवेवर उबदार हवेचे झाकण असते. ते टिकले तर दिवस वाया. फुटले, तर बघता बघता ढग दहा-पंधरा किलोमीटर उंच चढतो. उंचीनुसार वाऱ्याची दिशा आणि वेग बदलत असेल तर ढग स्वतःभोवती फिरू लागतो, हाच ‘सुपरसेल’. त्यातूनही बहुतेक वेळा टोर्नेडो येत नाहीच.

मग दुसरा कशासाठी?

एकाची नजर रस्त्यावर, दुसऱ्याची रडार आणि नकाशावर. रडारवरचे चित्र काही मिनिटे जुने असते. तेवढ्यात टोर्नेडो दोन-तीन किलोमीटर सरकलेला असू शकतो. वादळे बहुधा ईशान्येकडे जातात, म्हणून आग्नेय बाजूला राहायचे आणि निसटायचा रस्ता आधीच हेरून ठेवायचा. कच्चा रस्ता पावसात चिखल होतो, हे लक्षात ठेवणेही दुसऱ्याचेच काम. एकट्याने हे सगळे करायचे म्हणजे स्टिअरिंग सोडून फोन पाहणे आले.

सोबत असली की धोका टळतो?

नाही. टिम समारास हे या क्षेत्रातील अत्यंत सावध संशोधक मानले जात. २००३ मध्ये दक्षिण डाकोटातील मँचेस्टर येथे त्यांनी टोर्नेडोच्या वाटेत ठेवलेल्या उपकरणाने हवेच्या दाबात १०० मिलिबारची घट नोंदवली होती. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रिनो येथे मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग यांच्यासह ते गाडीत होते. पावसाच्या पडद्याआडच्या त्या टोर्नेडोने अचानक दिशा बदलली, वेग घेतला आणि तो सुमारे ४.२ किलोमीटर रुंद झाला. ही आजवरची सर्वाधिक नोंदलेली रुंदी. तिघेही वाचले नाहीत. गाडीत एकापेक्षा अधिक अनुभवी माणसे असूनही!

वादळ नसतानाही?

२०१७ मध्ये टेक्सासमधील स्पर गावाजवळ पाठलाग करणाऱ्यांच्या दोन गाड्या चौकात धडकून तिघे गेले. एक गाडी थांबण्याची खूण ओलांडून आली होती. एप्रिल २०२२ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठात हवामानशास्त्र शिकणारे तीन विद्यार्थी कॅन्ससमधील टोर्नेडो पाहून रात्री परतत होते. महामार्गावरच्या पाण्यात गाडी घसरली आणि मागून ट्रक आला. टोर्नेडो केव्हाच मागे राहिला होता.