हृदयशस्त्रक्रियेतील संशोधन आणि आपल्या अंगठ्याची किंमत

काही वर्षांपूर्वी घाटकोपरच्या आमच्या वस्तीतील एक मावशी वंदना संपल्यावर विहाराच्या पायरीवर थांबल्या. त्यांच्या हातात दोन कागद होते. सुनेच्या हृदयाची झडप अरुंद झाली होती आणि शहरातील एका मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरली होती. मावशी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही बँकेत दिवसभर कागदच वाचता, एवढे दोन वाचून द्या. मोठ्या दवाखान्यात गरिबांवर प्रयोग करतात म्हणे. अंगठा द्यावा की पोरीला घरी आणावी?"

कागद वाचले तेव्हा कळले की एक शस्त्रक्रियेच्या संमतीचा होता आणि दुसरा डॉक्टरांच्या एका अभ्यासात सहभागी होण्याचा. मावशींना दोन्ही एकच वाटत होते. खरे सांगायचे तर तोपर्यंत आम्हालाही त्यातला फरक नीटसा ठाऊक नव्हता. त्या दिवसापासून या विषयावर जे वाचले आणि जाणकारांना विचारले, ते समाजबांधवांसमोर आणि विशेषतः विद्यार्थ्यांसमोर ठेवावे, म्हणून हा लेखप्रपंच.

झडपेचा आजार आणि आपली वस्ती

हृदय म्हणजे मुठीएवढा पंप. त्याला चार कप्पे आणि चार झडपा असतात. झडप दारासारखी एकाच बाजूला उघडते, त्यामुळे रक्त पुढे जाते पण मागे येत नाही. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील झडपेला मायट्रल झडप म्हणतात. आपल्याकडे हीच झडप जास्त बिघडते.

त्याची सुरुवात पुष्कळदा साध्या घसादुखीने होते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाच्या घशात स्ट्रेप्टोकोकस जातीचे जंतू शिरतात. शरीर त्यांच्याशी लढते. पण काही मुलांत ही लढाई चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. ताप येतो, गुडघे-घोटे सुजतात. याला संधिवाताचा ताप म्हणतात. सांधे बरे होतात, पण झडपेवर वण राहतो. पुढे दहा-वीस वर्षांत झडपेच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात, जिना चढताना दम लागतो आणि बाळंतपणात तर जिवावरच बेतते.

जंतू जात पाहत नाहीत. परंतु एका खोलीत आठ-दहा माणसे झोपत असतील तर त्यांचे काम सोपे होते. म्हणून हा आजार मुख्यतः दाटीवाटीच्या, गरीब वस्त्यांचा आहे. ज्या मुलाला एकदा हा ताप येऊन गेला, त्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. ते मध्येच थांबवू नये. पुढची शस्त्रक्रिया त्यामुळे टळू शकते.

परळची शाळा

आपल्या उपनगरातील रुग्णालयातून अवघड रुग्णाला पुष्कळदा परळच्या के.ई.एम. रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. ज्या परळच्या बी.आय.टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयुष्याची कितीतरी वर्षे काढली, त्याच परळमध्ये १९२६ साली हे रुग्णालय आणि सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. येथे शिकवणारे हिंदी लोकच असावेत, अशी देणगीदारांची अट होती. गोऱ्यांशिवाय हिंदी माणसाला मोठी वैद्यक विद्या जमणार नाही, या समजुतीला ते उत्तर होते. स्वाभिमानाने उभ्या राहिलेल्या या महापालिकेच्या संस्थेत रुग्णसेवा, अध्यापन आणि संशोधन ही तीन कामे एकाच छपराखाली चालतात. अशा रुग्णालयाला शिक्षण रुग्णालय म्हणतात.

येथे डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय व छातीच्या शस्त्रक्रियेचा विभाग नावारूपाला आणला. १९४८ साली अमेरिकेत चिकटलेली मायट्रल झडप उघडण्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती. छातीच्या डाव्या बाजूने जाऊन, धडधडत्या हृदयात बोट घालून पाकळ्या सुट्या करायच्या, अशी ती रीत. हृदय थांबवून रक्ताभिसरण सांभाळणारे महागडे यंत्र तिला लागत नसे. म्हणूनच पन्नासच्या दशकापासून ती भारतातील गरीब रुग्णांच्या उपयोगी पडली आणि के.ई.एम.मध्येही रुळली.

डॉ. सेन यांची जिज्ञासा मोठी होती. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाच्या स्नायूला कप्प्यातूनच थेट रक्त मिळते. मग माणसाच्या हृदयाला सुईने बारीक छिद्रे पाडली तर रक्ताविना तडफडणारा स्नायू जगेल काय? या प्रश्नावर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम १९६५ साली परदेशी शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

१९६८ चा फेब्रुवारी

३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी माणसाच्या छातीत दुसऱ्या माणसाचे हृदय बसविले. तो रुग्ण १८ दिवस जगला. बर्नार्ड यांचे दुसरे हृदयरोपण २ जानेवारी १९६८ चे. त्या वेळी तेथे वर्णभेदाचे कायदे होते. गोऱ्याच्या बाकावर काळ्या माणसाला बसता येत नसे. मात्र त्या दिवशी एका मिश्रवर्णीय तरुणाचे हृदय एका गोऱ्या दंतवैद्याच्या छातीत बसले आणि पुढे दीड वर्षाहून अधिक काळ धडधडत राहिले. कायद्याने वेगळी केलेली माणसे आतून एकच आहेत, हे शस्त्रक्रियेच्या टेबलावर जगाला दिसले.

त्यानंतर सहाच आठवड्यांनी, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, के.ई.एम.मध्ये डॉ. सेन यांच्या पथकाने भारतातील पहिले हृदयरोपण केले. हे काम करणारे ते जगातील चौथे शल्यचिकित्सक. यामागे कुत्र्यांवर केलेला दीर्घ सराव होता. रुग्ण एक तरुण शेतकरी होता. नवे हृदय सुरू झाले, पण सुमारे तीन तासांनी ते थांबले. फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांमधील वाढलेला दाब नव्या हृदयाला पेलवला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झालेल्या दुसऱ्या रोपणाचा रुग्णही एक दिवस पुरा करू शकला नाही.

मग हे अपयश म्हणायचे काय? त्या दोन कुटुंबांच्या दुःखापुढे दुसरा शब्द नाही. परंतु डॉ. सेन यांनी ते झाकून ठेवले नाही. काय केले, काय चुकले हे लिहून जगापुढे ठेवले. आज हृदयरोपणापूर्वी रुग्णाच्या फुफ्फुसांतील दाब मोजल्याशिवाय पुढे जात नाहीत. १९६८ या एका वर्षात जगभर शंभराहून अधिक हृदयरोपणे झाली आणि बहुतेक रुग्ण लवकर दगावले. परके हृदय शरीराने नाकारू नये यासाठी चांगले औषध, सायक्लोस्पोरिन, ऐंशीच्या दशकात वापरात आले. भारतात मेंदूमृत्यूला मान्यता देणारा अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली झाला. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी यशस्वी हृदयरोपण केले. बरोबर एकवीस वर्षांनी, ३ ऑगस्ट २०१५ रोजी, पुण्यात दान मिळालेले हृदय विमानाने मुंबईस आणून आपल्या मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकाने बसविले. आणि जुलै २०२४ मध्ये, ५६ वर्षांनंतर, के.ई.एम.मध्ये पुन्हा हृदयरोपण झाले.

चाचणी कशासाठी?

"डॉक्टरला येते ते त्याने करावे, संशोधन कशाला?" असे कोणी विचारील. तथागतांनी कालामांना सांगितले होते की परंपरा आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. वैद्यकातही हीच कसोटी लागते.

अमेरिकेत पन्नासच्या दशकात छातीत दुखणाऱ्या रुग्णांची छातीतील एक रक्तवाहिनी बांधत असत. रुग्ण सांगत, बरे वाटते. १९५९ साली काही डॉक्टरांनी १७ रुग्ण घेतले. काहींची रक्तवाहिनी बांधली, काहींच्या त्वचेला नुसता छेद दिला. दोन्ही गटांना सारखेच बरे वाटले! म्हणजे गुण शस्त्रक्रियेचा नव्हता, विश्वासाचा होता. ती शस्त्रक्रिया बंद पडली आणि पुढील हजारो माणसांची चिरफाड टळली.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले. झडप फुग्याने उघडण्याची नवी पद्धत आली, तेव्हा हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये ६० रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली गेली. ३० जणांना फुगा, ३० जणांची शस्त्रक्रिया. निवड डॉक्टरच्या मर्जीवर सोडली तर सोपे रुग्ण एकीकडे आणि कठीण दुसरीकडे जातील, म्हणून ही चिठ्ठी. तीन वर्षांनी फुग्याच्या गटातील झडपा जास्त उघड्या होत्या. १९९४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांची झडप त्यास योग्य आहे, अशा कितीतरी रुग्णांची छाती आज उघडावी लागत नाही. याचे श्रेय डॉक्टरांइतकेच त्या ६० रुग्णांनाही आहे.

भीती खोटी नाही

तरीही मावशींच्या मनातील भीती निराधार नव्हती. १९५९ च्या त्या रुग्णांना आपल्याला नुसता छेद दिला जाऊ शकतो, हे सांगितलेले नव्हते. अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सुमारे ४०० गरीब काळ्या पुरुषांचा उपदंश उपचाराविना वाढू दिला गेला. पेनिसिलीन मिळू लागल्यावरही त्यांना ते दिले नाही. जो समाज खाली दाबलेला असतो, त्याचे शरीर इतरांना स्वस्त वाटते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

अशा अत्याचारांतूनच नियम जन्माला आले. १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता आणि १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा यांनी रुग्णाची संमती पायाभूत मानली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, ती शेवटची २०१७ साली सुधारली गेली. १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची सरकारी नोंदवहीत नोंद सक्तीची झाली. २०१९ च्या नियमांनुसार औषधाच्या चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते. प्रत्येक अभ्यासाला आधी नीतिसमितीची मंजुरी लागते आणि या समितीत डॉक्टरांशिवाय कायदा जाणणारा व सामान्य नागरिकही असतो.

अंगठा देण्यापूर्वी

बँकेत आम्ही रोज पाहतो, जामीनदार म्हणून अंगठा देणारा माणूस कागदात काय आहे हे विचारत नाही आणि नंतर पस्तावतो. रुग्णालयात तर कागद शरीराचा असतो. म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक घरात माहीत असाव्यात.

उपचाराची संमती आणि संशोधनाची संमती वेगवेगळी असते. संशोधनाला नकार दिला तरी नेहमीचा उपचार थांबविता येत नाही. हो म्हटल्यावरही केव्हाही बाहेर पडता येते, कारण सांगावे लागत नाही. कागद आपल्याला समजणाऱ्या भाषेत असला पाहिजे. रुग्णाला वाचता येत नसेल तर रुग्णालयाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा. कागदाची एक प्रत मागून घ्यावी. आणि विचारावे: या अभ्यासात नवीन काय आहे? मला धोका कोणता? अभ्यासात नसतो तर मला कोणता उपचार मिळाला असता? खर्च कोणाचा? काही झाले तर कोणाला भेटायचे?

हे विचारणे उद्धटपणा नव्हे. चांगल्या डॉक्टरला असा रुग्ण आवडतो. मावशींनी दुसऱ्या दिवशी हेच विचारले. तेथील तरुण डॉक्टरने स्टुलावर बसून, कागदावर हृदयाचे चित्र काढून मराठीत सगळे सांगितले. मग सुनेने स्वतः सही केली, दोन्ही कागदांवर. आज ती मुलाला शाळेत सोडायला चढाव चढून जाते.

विद्यार्थी मित्रांना

शेवटी एक गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २९ नोव्हेंबर १९४४ रोजी जन्मतः निळ्या पडलेल्या एका बाळावर डॉ. ब्लॅलॉक यांनी शस्त्रक्रिया केली. त्यांच्या मागे स्टुलावर उभा राहून सूचना देणारा माणूस होता व्हिव्हियन थॉमस. तो काळा होता, सुतारकाम करून आलेला, पैशाअभावी कॉलेजला न जाऊ शकलेला. प्रयोगशाळेत ही शस्त्रक्रिया कुत्र्यांवर त्यानेच बसविली होती. शास्त्रीय लेखात त्याचे नाव आले नाही. सन्मान्य डॉक्टरेट मिळायला १९७६ साल उजाडले.

आपल्या मुलांनी संशोधनाच्या कागदावर केवळ रुग्ण म्हणून असू नये. त्यांनी शल्यचिकित्सक व्हावे, परिचारिका व्हावे, हृदय-फुफ्फुस यंत्र चालविणारे तंत्रज्ञ व्हावे, आकडेवारी तपासणारे संख्याशास्त्रज्ञ व्हावे, नीतिसमितीत बसणारे वकील व्हावे. बाबासाहेबांनी "शिका" म्हटले त्यात हेही येते. आणि तोपर्यंत, ज्या घरात कागद वाचणारे कोणी नाही, त्या घराचा कागद आपल्यापैकी प्रत्येक शिकलेल्याने वाचून दिला पाहिजे. त्यासाठी विहाराची पायरी पुरेशी आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.